रुळांवरचे जिणे : जॅक लंडनचे 'द रोड'

जॅक लंडनचे 'द रोड' १९०७ साली प्रसिद्ध झाले. १८९३ च्या मंदीनंतर अमेरिकेत हजारो बेकार माणसे मालगाड्यांना लटकून कामाच्या शोधात हिंडत होती. १८९४ मध्ये अठरा वर्षांचा लंडनही त्या होबोंत सामील झाला. त्या दिवसांचे हे लेख.

पुस्तक हाती घेतले की खाली ठेववत नाही, हे खरे. माझी तक्रार निराळी आहे. लंडनला चोरटा प्रवास हा खेळ वाटतो. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ब्रेकमन. डब्याखाली लपलेल्या होबोला हुसकण्याची एक रीत तो सांगतो. ब्रेकमन कपलिंगची जड पिन दोरीला बांधून धावत्या गाडीखाली सोडतो. ती स्लीपरवर आपटते, उसळून डब्याच्या तळावर आदळते. दोरी कमीजास्त केली की पिन हवी तिथे पोचते. वर्णन इतके चोख, की कोणाही इंजिनिअरला आकृती काढता यावी! त्यात माणूस मरतो, आणि वर्तमानपत्र त्यालाच दारुडा ठरवते, हेही लंडन नोंदवतो. पण लगेच स्वतःच्या पराक्रमाकडे वळतो.

याच्या शेजारी डब्ल्यू. एच. डेव्हिस या वेल्श कवीचे १९०८ चे आत्मचरित्र ठेवावे. १८९९ मध्ये कॅनडात रेनफ्रू येथे धावती गाडी पकडताना तो पडला आणि त्याला पाय गमवावा लागला. हे तो आवाज न चढवता सांगतो. तिथे खेळ संपतो.

लंडनची तुरुंगावरची प्रकरणे मात्र अस्सल आहेत. नायगारा फॉल्सला भटकेपणाबद्दल त्याला पकडले. न्यायाधीशाने प्रत्येक होबोला पंधरा सेकंद दिले आणि तीस दिवसांची सजा ठोठावली. तुरुंगात लंडन कैद्यांवर देखरेख करणारा कैदी बनला आणि भुकेल्यांशी पावाचा व्यापार करू लागला. हे तो लपवत नाही. हाल नुसते रुळांवर नव्हते. कोर्टात होते, आणि त्यातून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या उरावर बसावे लागत होते, हे इथे कळते.

दोन सुटकेसी घेऊन आलेले आपण जिद्दीच्या कथेवर चटकन भाळतो. पण जिद्द तर पिनेखाली मेलेल्यालाही असेल. म्हणून 'द रोड' जरूर वाचा. फक्त सुरुवात तुरुंगापासून करा.