तूर्य, काहला, कर्णा व तुतारी : एका शब्दघोटाळ्याची चिकित्सा

जुन्या ग्रंथांत किंवा दप्तरांत रणवाद्यांचा उल्लेख आला कीं आपल्याकडील संपादकांची लेखणी बहुधा एकाच शब्दावर विसांवा घेते. तो शब्द म्हणजे ‘तुतारी’. मूळांत तूर्य असो, काहला असो, शृंग असो, कर्णा असो वा नफीर असो, टीपेंतील अर्थ ठरलेला : ‘तुतारीसारखें एक वाद्य’. या ‘सारखें’ शब्दाच्या आड पांच निरनिराळीं वाद्यें, तीन भाषा आणि निदान दोन सहस्र वर्षें लपलेलीं आहेत. त्यांस बाहेर काढून शक्य तेवढें वेगळें करावें, हा या टिपणाचा हेतु.

हा दोष केवळ दुसऱ्यांचा म्हणून दाखविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. संस्कृत शिकवितांना ‘तूर्य’ या शब्दापासून ‘तुतारी’ झाली, असें आम्हीच वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. सेवानिवृत्तीनंतर पिशोरास स्वस्थ बसून मूळ ग्रंथ पुन्हा चाळले, तेव्हां ही व्युत्पत्ति टिकत नाहीं असें दिसून आलें. शिकविलेलें परत घेण्यास वर्ग आतां उरला नाहीं. म्हणून तें या पृष्ठांवर घेत आहों.

प्रथम ‘तूर्य’ पाहूं. पालि वाङ्मयांत ‘पंचांगिक तुरिय’ म्हणजे पांच अंगांचा वाद्यमेळ. त्यांत चर्मवाद्यें येतात, घनवाद्यें येतात, आणि फुंकून वाजविण्याचीं सुषिर वाद्येंही येतात. म्हणजे तूर्य हें एका वाद्याचें नांव नव्हे, तें वाद्यसमुदायाचें नांव आहे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत रघूच्या जन्मप्रसंगीं मंगल तूर्यें वाजतात. तेथें सूतिकागृहाच्या दारीं रणशिंग फुंकलें असा अर्थ करणें म्हणजे कवीवर अन्याय करणें होय. पुढें या शब्दाचा अर्थ आकुंचित होऊन तो फुंकवाद्याकडे झुकला हें खरें. परंतु संकोच केव्हां झाला हें प्रत्येक स्थळीं संदर्भावरून ठरविलें पाहिजे, कोशावरून नव्हे.

आतां ध्वनीचा विचार. हेमचंद्राच्या व्याकरणाप्रमाणें ‘तूर्य’ शब्दांतील र्य याचा र होऊन प्राकृतांत ‘तूर’ होतें. ‘तूर’ यापासून तुरही, तुऱ्हा यांसारखीं रूपें निघूं शकतील. पण ‘तुतारी’ यांतील दुसरा तकार कोठून आला? त्याचें उत्तर तूर्यवादी देत नाहींत. उलट दक्षिणेकडे पाहिलें तर कन्नडांत ‘तुत्तूरि’ आणि तमिळांत ‘तुत्तारि’ हीं नांवें याच जातीच्या वाद्यास आहेत. अशा स्थितींत तुतारी हें वाद्याच्या आवाजाचें अनुकरण करणारें नांव असून तें मराठी व दाक्षिणात्य भाषांत सामायिक आहे, असें मानणें अधिक सरळ आहे. संस्कृताभिमानामुळें प्रत्येक मराठी शब्दास संस्कृत बाप शोधण्याची जी खोड आम्हां शास्त्रीमंडळींस आहे, तिचें हें एक उदाहरण होय.

याच खोडीचें दुसरें उदाहरण ‘कर्णा’. कानापाशीं मोठा आवाज होतो म्हणून, किंवा मुखाचा आकार कानासारखा म्हणून, ‘कर्ण’ शब्दापासून कर्णा झाला असें कित्येक सांगतात. वस्तुतः हा फारसी ‘कर्ना’ अथवा ‘कर्नाय’ शब्द असून तो नौबतखान्याबरोबर इकडे आला. अबुल फजलानें आईने अकबरींत बादशाही नक्कारखान्याची जी यादी दिली आहे ती या बाबतींत फार मोलाची आहे. तींत कर्ना सोन्याचा, रुप्याचा, पितळेचा वा अन्य धातूचा असून चारांहून कमी कधीं फुंकीत नाहींत असें म्हटलें आहे. नफीर निराळें, त्याचे इराणी, फिरंगी व हिंदी असे तीन प्रकार. ‘सिंग’ त्याहून निराळें; तें पितळेचें, गाईच्या शिंगाच्या आकाराचें, आणि दोन मिळून फुंकावयाचें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दरबारचा एक लेखक ज्या तीन वाद्यांत इतका काटेकोर भेद करतो, तीं तिन्ही आपण एका ‘तुतारी’ शब्दांत कोंबतों! ‘फिरंगी नफीर’ हा उल्लेख तर विशेष चिंतनीय आहे. अकबराच्या नौबतींत युरोपीय जातीचें पितळी वाद्य वाजत होतें, ही गोष्ट आपल्या अनुवादांत कोठेंच ऐकूं येत नाहीं.

याहून जुना आणि आपल्या अगदीं घरचा साक्षीदार म्हणजे शार्ङ्गदेव. त्याचा आजा भास्कर काश्मिरांतून दक्षिणेंत आला. स्वतः शार्ङ्गदेव देवगिरीस यादव सिंघणाच्या (सुमारें १२१०–१२४७) पदरीं श्रीकरणाच्या, म्हणजे हिशेबाच्या, अधिकारावर होता. आमच्या पिशोराहून देवगिरीचा डोंगर कांहीं परका नाहीं. संगीतरत्नाकर हा आमच्या मुलखांतच लिहिला गेलेला ग्रंथ आहे. त्याची आनंदाश्रम-आवृत्ति १८९६-९७ सालीं पुण्यास निघाली, आणि दोन टीकांसह अड्यारची आवृत्ति १९४३ पासून निघूं लागली. म्हणजे ग्रंथ दुर्मिळ होता ही सबब आपणांस नाहीं. त्याच्या वाद्याध्यायांत काहला, तुंडकिनी, चुक्का, शृंग व शंख यांचीं लक्षणें एकामागून एक दिलीं आहेत. काहला तांब्याची, रुप्याची वा सोन्याची, तीन हात लांब, धोतऱ्याच्या फुलासारख्या मुखाची. ती वीरांचीं बिरुदें गाजविते. तुंडकिनी दोन हातांची. चुक्का चार हातांची. शृंग मात्र म्हशीच्या शिंगाचें. त्याची गणना धातूच्या नळ्यांत नाहीं.

या मापांकडे आजवर कोणीं गणिताच्या दृष्टीनें पाहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. हात म्हणजे चोवीस अंगुळें, सुमारें दीड फूट. तेव्हां चुक्का सहा फूट, काहला साडेचार फूट व तुंडकिनी तीन फूट झाली. ओठांच्या कंपनानें वाजणाऱ्या नळीचा मूळ स्वर तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणांत असतो. घेर व मुखाचा विस्तार सारखा धरला, तर चुक्केचा षड्ज मानल्यास काहलेचा मध्यम येतो आणि तुंडकिनीचा तार षड्ज येतो. लांबींतील ४ : ३ : २ हें प्रमाण ग्रंथकारानें केवळ सोयीसाठीं घेतलें असेल, हें नाकारतां येत नाहीं. पण जो मनुष्य राज्याचा हिशेब ठेवीत होता आणि श्रुतींचीही मोजणी करीत होता, त्याला हें प्रमाण अजाणतां साधलें, असें म्हणणें आम्हांस कठीण वाटतें. संपादकानें तिन्ही नांवांपुढें ‘तुतारी’ असें लिहिलें कीं हा प्रश्नच नाहींसा होतो; चुकीच्या टीपेचें खरें नुकसान तें हेंच.

शार्ङ्गदेवानंतर सुमारें अर्धशतकानें, शके १२१२ मध्यें, ज्ञानेश्वरी झाली. गीतेच्या पहिल्या अध्यायांत शंख, भेरी, पणव, आनक व गोमुख अशीं वाद्यें आहेत. ज्ञानदेवांनीं त्या स्थळीं टीका करितांना शंख व भेरी ठेविल्या. परंतु गोमुखाच्या जागीं काहळा आणि भोंगळ हीं नांवें येतात. महाराजांनीं व्यासांचीं वाद्यें न सांगतां श्रोत्यांच्या कानांत असलेलीं वाद्यें सांगितलीं. म्हणून ही ओवी गीतेचें भाषांतर एवढ्याच दृष्टीनें न पाहतां यादवकालीन सैन्यवाद्यांचा पुरावा म्हणून वाचावयास पाहिजे. आणि शार्ङ्गदेवाची काहला पोथींतलीच नव्हती, लोकांतही होती, हें तिच्यावरून सिद्ध होतें.

येथवर शब्दांचें झालें. आतां ज्या मंडळींचा शब्दांवर विश्वास नाहीं व जीं ‘वाजवून पाहा’ म्हणतात, त्यांच्या पक्षाचा विचार करूं. युरोपांत या पक्षाचें काम पुष्कळ झालें आहे. स्कॉटलंडांत डेस्कफर्ड येथें १८१६ च्या सुमारास ‘कार्निक्स’ नामक प्राचीन केल्टिक रणवाद्याचें वराहमुख सांपडलें. त्यावरून १९९३ पर्यंत नवी प्रतिकृति घडविण्यांत आली, व जॉन केनी या ट्रोंबोनवादकानें ती वाजविली. कामगिरी कौतुकास्पद खरी. पण मूळांत नळीही नव्हती आणि ओठांस लावावयाची मुखनळीही नव्हती. तीं दोन्ही अनुमानानें केलेलीं. मग ऐकूं आलें तें दोन हजार वर्षांपूर्वींचें वाद्य, कीं विसाव्या शतकांतील एका निष्णात ट्रोंबोनवादकाचे ओठ? फ्रान्सांत तिंतिन्याक येथें २००४ सालीं कार्निक्सांचा मोठा सांठा निघाला, त्यांत एक बहुतेक संपूर्ण आहे. असा पुरावा हातीं आल्यावरच पूर्वींच्या अनुमानांची पारख होऊं शकते. सांचीच्या पहिल्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर परदेशी वेषाचे वादक याच जातीचीं पशुमुखी शिंगें उभीं धरून फुंकीत आहेत, हें आपल्या वाचकांस ठाऊक असेलच.

तूतांखामेनच्या थडग्यांत १९२२ नंतर मिळालेल्या दोन तुताऱ्यांची कथा याहून बोधप्रद आहे. एक रुप्याची, एक तांब्याच्या मिश्रधातूची. १९३९ सालीं त्या नभोवाणीवर वाजविण्यांत आल्या, त्या आधुनिक मुखनळी बसवून. जगानें टाळ्या वाजविल्या. परंतु जो स्वर निघाला त्यांत फेरोहाचा वांटा किती आणि नव्या मुखनळीचा किती, हें सांगणें अशक्य झालें. तीन हजारांहून अधिक वर्षांचा पातळ पत्रा मात्र निष्कारण धोक्यांत पडला.

ट्रोंबोनची गोष्ट या सर्वांहून निराळी आहे, व ती येथें सांगण्याचें कारण असें कीं जोडाच्या नळ्यांचा कर्णा म्हणजे आमचा ट्रोंबोनच, असा एक अभिमानी तर्क कानांवर येतो. पंधराव्या शतकांत युरोपांत सरकत्या नळीची युक्ति निघाली. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ट्रोंबोन न्युरेंबर्गच्या एरास्मुस श्निट्झरनें १५५१ सालीं घडविलेला आहे. त्या वाद्यांत वाजवितां वाजवितां लांबी बदलते, आणि निसर्गश्रेणींतील स्वरांच्या मधले स्वर मिळतात. आमच्या तुतारीचे वा कर्ण्याचे जोड हे घडविण्याच्या व वाहून नेण्याच्या सोयीचे; वाजवितांना ते स्थिर असतात. साम्य पाहावयाचें तें ओठांच्या कंपनांत आहे, जोडांत नाहीं. तसेंच वाद्य वांकडें कीं सरळ, यावरून त्याचा सूर ठरत नाहीं. लांबी, घेर व मुखाचा विस्तार यांवरून ठरतो. म्हणून केवळ आकृतीवरून केलेलें वर्गीकरण चित्रकाराच्या उपयोगाचें असेल, संगीतेतिहासाच्या नव्हे.

मग मधला मार्ग कोणता? तो आपल्या दारांतून जातो. गेल्या वर्षीं पिशोरांतच एका लग्नांत तुतारी वाजविणाऱ्या वृद्धापाशीं आम्ही बसलों. त्यानें वाद्याचें तोंड काढून आमच्या हातावर ठेविलें आणि म्हटलें, “गुरुजी, नळा कोणताबी असूं द्या, तोंड बदललं का आवाज बदलला. माझ्या बापाचं तोंड हाय हे. नळा दोनदां नवा केला.” तूतांखामेनच्या तुताऱ्यांवरील सर्व वादाचें सार त्या एका वाक्यांत होतें. २०१६ च्या सुमारास प्राचीन आयरिश शिंगांच्या एका अभ्यासकानें केरळांतील कोंबु वाद्याची परंपरा अभ्यासून, त्या शिंगांच्या वादनपद्धतीवर तिच्यावरून प्रकाश पडतो असें प्रतिपादिलें. परदेशीय विद्वान् आपल्या मेलेल्या वाद्यांचें उत्तर आमच्या जिवंत वाद्यांत शोधतात; आणि आम्ही आमच्या जिवंत वादकांस पुढाऱ्यांच्या स्वागतापुरतें बोलावून, दक्षिणा देऊन परत पाठवितों, एक प्रश्नही विचारीत नाहीं!

शब्दांच्या या ढिलाईची किंमत केवळ पंडितांनाच द्यावी लागते असें नाहीं. २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकींत एका पक्षाचें चिन्ह ‘तुतारी वाजविणारा माणूस’ होतें, आणि कांहीं अपक्षांस मिळालेल्या ‘ट्रंपेट’ या चिन्हाचें मराठी नांवही ‘तुतारी’ असेंच दिलें गेलें. त्यामुळें मतदारांचा घोटाळा झाला, अशी तक्रार त्या पक्षानें केली. राजकारणाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. परंतु जी सवय आमच्या टीपांनीं लाविली, तीच यादी करणाऱ्याच्या हातून उतरली, हें कबूल केलें पाहिजे. केशवसुतांच्या १८९३ च्या कवितेनंतर तुतारी हा शब्द आवाहनाचें प्रतीक झाला. प्रतीक झालेला शब्द वस्तूचें नांव म्हणून वापरतांना दुप्पट जपावें लागतें.

संग्राहक बंधूंस शेवटीं तीन विनंत्या. पहिली, हातीं आलेलें जुनें वाद्य चिंचेनें घांसून चकचकीत करूं नये, झाळ नवी लावूं नये, आणि तें कधींही स्वतः फुंकून पाहूं नये. वाजवावयाचें तर प्रतिकृति वाजवावी. दुसरी, लांबी, मुखाचा व्यास, जोडांची संख्या, आणि विशेषतः मुखनळी मूळची कीं मागाहूनची, हें प्रथम लिहून ठेवावें. मुखनळी हरवली असेल तर हरवली असेंच लिहावें. तिसरी, ज्याच्या घरून वाद्य आणलें त्या घरांत त्याला काय म्हणत, तें त्याच्याच शब्दांत टिपावें, आणि संपादकांनीं मूळांतील काहला, शृंग, कर्णा, नफीर हीं नांवें तशींच ठेवून त्यांपुढें खुलासा करावा, पर्याय देऊं नये.

आमच्या कन्नड तालुक्यांत पितळखोऱ्याच्या लेण्यांत सांपडलेल्या यक्षावर तो घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचें नांव कोरलेलें आहे. आमच्या तांबटांनीं घडविलेल्या शिंगांवर कोणाचेंही नांव नाहीं. निदान वाद्याचें तरी खरें नांव आपण पुसूं नये. वर काढलेलीं अनुमानें, विशेषतः काहलेच्या मापांविषयींचें, तज्ज्ञांनीं तपासून पाहावें, आणि तें चुकीचें ठरल्यास याच पृष्ठांवर निःसंकोच खोडून काढावें. एक चूक फळ्यावर अनेक वर्षें जपल्यावर दुसरी कागदावर जपण्याची आमची इच्छा नाहीं.