दोन घरे, दोन परतवाटा

मुक्ताईनगरच्या घरांतून मुले शिक्षणासाठी पुण्याला जातात, तेव्हा परत येणारा कोण असतो, हा प्रश्न जुना आहे. याच जळगाव जिल्ह्यातील सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी तो ‘कोसला’त (१९६३) मांडला. पांडुरंग सांगवीकर पुण्यात रमत नाही, परीक्षेत हरतो, गावी परततो. पण वडिलांचे घर त्याला आपले वाटत नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते आणि त्याच्या उपरोधाखालचे दुःख उघडे पडते.

सँड्रा सिस्नेरोस यांच्या ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) या कादंबरीतील एस्पेरान्सा शिकागोच्या लॅटिनो वस्तीत वाढते. तिलाही आईवडिलांच्या घराची लाज वाटते. मात्र आपण जायचे ते मागे राहिलेल्यांसाठी परत येण्याकरिता, हे तिला उमगते.

पांडुरंगाचे परतणे ही हार आहे, एस्पेरान्साचे परतणे हे ऋण. मनीला उंबरा ओलांडण्याची संधीच मिळत नाही. तिची कहाणी भावाच्या शोकातूनच आपल्यापर्यंत येते. सिस्नेरोस यांच्याकडे खिडकीशी अडकलेल्या बायकांची हकिकत मुलगीच लिहिते. म्हणून ‘कोसला’ वाचलेल्या घरात हे दुसरे पुस्तकही यावे, आणि ते मुलींच्या हाती आधी पडावे.