झिजलेल्या पात्याचं वाचन

‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’वरून आला. कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पान किंवा पातं. इंग्रजीत ‘हँड सॉ’ म्हणताना हात वेगळा सांगावा लागतो. आपल्याकडे तो शब्दातच आहे. विदर्भातल्या विणकरांनी या हत्याराच्या दातांची नक्षी टसरच्या काठावर आणली आणि ‘करवतकाठी’ लुगडी मानाची ठरली. पण नक्षीला जो मान मिळाला तो हत्याराला मिळाला नाही. करवत बघण्यासारखी वस्तू आहे, असं आपल्याला अलीकडेपर्यंत वाटलेलंच नव्हतं.

आता वाटू लागलं आहे. अमरावती-अकोल्याकडे जुने वाडे उतरवले जातात तेव्हा कोरीव दारं, खांब आणि तुळया आधी विकल्या जातात. त्यामागून वाढयाच्या घरातली पेटीही बाहेर येते: रंधा, पटाशी, गिरमिट, सामता, वाकस आणि दोन-तीन करवती. काही भंगारात किलोवर जातात, काही हौशी संग्राहकाच्या भिंतीवर. भिंतीवर गेलेली करवत वाचली, असं आपण समजतो. पण संग्राहक तिच्यात काय बघतो, हे तपासल्याशिवाय ती वाचली असं म्हणवत नाही.

करवतीचा संग्रह कसा करावा याची रीत बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेतून आली आहे. तिथे ती रीत योग्यच आहे. हेन्री डिस्टननं 1840 साली फिलाडेल्फियात कारखाना काढला. त्याच्या करवतींच्या मुठीवर पितळी बिल्ला असतो आणि बिल्ल्यावरच्या अक्षरांवरून करवत साधारण कोणत्या काळातली ते ठरवता येतं. शेफिल्डच्या कारखानदारांची नावं पात्यावर ठोकलेली असतात. सायमन बार्ली यांनी ब्रिटिश करवत-उत्पादकांचा 1660पासूनचा इतिहास मोठ्या ग्रंथात लावून ठेवला आहे. ज्या वस्तूला कारखाना, छाप आणि किंमतपत्रक आहे तिची ओळख उत्पादकापासून सुरू होणं साहजिक आहे. म्हणून तिथला संग्राहक छाप शाबूत आहे का, पातं पूर्ण रुंदीचं आहे का आणि मूठ मूळची आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारतो.

हेच तीन प्रश्न वऱ्हाडातल्या करवतीला लावले की ती नापास होते. गावच्या लोहारानं घडवलेल्या पात्यावर नाव नसतं. बाजारातून आणलेलं पातं असलं तर त्यावरची अक्षरं हाताच्या घामानं आणि गंजानं केव्हाच गेलेली असतात. मूठ तर बदललेली असणारच. मग संग्राहक तिला ‘ग्रामीण’, ‘अनामिक’ असं लेबल लावून मोकळा होतो. वस्तू अनामिक नसते. आपल्याला तिच्यावरचं नाव कुठे शोधायचं ते कळलेलं नसतं.

ते शोधायचं तर आधी हत्याराचं काम समजून घ्यावं लागतं. आपल्याकडची जुन्या घडणीची करवत ओढताना कापते; युरोपातली ढकलताना. हा फरक बसण्याच्या पद्धतीशी जोडलेला आहे. जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून धरणाऱ्या माणसाला स्वतःकडे ओढण्यात जोर मिळतो. युरोपातला सुतार उभा राहून बाकावर काम करतो, तो अंगाचा भार पुढे टाकतो. पायाच्या बोटांत लाकूड धरणारा इथला सुतार पाहून काही इंग्रजांनी नवल केलं, काहींनी नाक मुरडलं. दातांची दिशा पाहिली असती तर हे मागासलेपण नसून वेगळी रचना आहे, हे त्यांना दिसलं असतं.

मग लाकूड. या भागातल्या वाढयाला दोन टोकांची लाकडं कापावी लागत. औतकाठीसाठी आणि बैलगाडीच्या चाकासाठी बाभूळ: कठीण, चिवट, वाकड्यातिकड्या रेषांची. घरासाठी मेळघाटातलं सागवान, ज्याचा बाजार परतवाड्याला भरत आला आहे. लाकूड उभं चिरायचं तर दात पटाशीसारखे सरळ लागतात, आडवं कापायचं तर सुरीसारखे तिरपे. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे किंचित वाकवलेला नसेल तर पातं स्वतःच पाडलेल्या फटीत अडकतं. ओल्या लाकडाला हा वाक जास्त हवा, सुक्याला कमी. म्हणजे दातांकडे नीट पाहिलं तर ही करवत शेवटी कोणत्या कामाला लागली होती, ते कळू शकतं.

त्याहून महत्त्वाची खूण पात्याच्या रुंदीत असते. करवतीला धार लावायची म्हणजे तिकोनी कानस प्रत्येक दोन दातांमधून फिरवायची. प्रत्येक वेळी थोडं पोलाद भुकटी होऊन जातं आणि दातांची रेषा पाठीकडे सरकते. बापाकडून मुलाकडे येईपर्यंत पातं बोटभर अरुंद झालेलं असू शकतं. ते सरळ रेषेत अरुंद झालं असेल तर कुणीतरी दरवेळी सगळे दात एका पातळीत आणून मगच धार लावली आहे. मध्यभाग खोलगट झाला असेल तर हात चालवला, पण रेषेची काळजी घेतली नाही. एक दात मोठा, शेजारचा लहान असं दिसलं तर कानस सारख्या जोरानं फिरलेली नाही. इंग्रजी बोलणारे कारागीर अशा दातांना ‘गायी आणि वासरं’ म्हणतात, आणि पोळ्याच्या मुलखात ही उपमा समजावून सांगावी लागू नये. ही झाली पात्यावरची सही. ती उत्पादकाची नाही, वापरणाऱ्याची आहे.

म्हणूनच ‘पूर्ण रुंदीचं पातं’ ही कसोटी इथे उलटी पडते. रुंद, कोरी करवत ही बहुधा कमी चाललेली करवत असते. जिनं सर्वांत जास्त काम केलं ती झिजून पट्टी झाली, तिच्या पोलादाची एखादी सुरी झाली आणि ती संपली. म्हणजे संग्रहात टिकतात त्या मुख्यतः कमी राबलेल्या करवती. हे टाळता येत नाही, पण लेबलावर लिहिता येतं. निदान अरुंद पात्याला ‘खराब अवस्था’ म्हणून कमी लेखणं तरी थांबवता येतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ही झीज कुणाची? वाढयाच्या मुलानं करवत धरली ती नेहमी आवडीनं धरली असं नाही; जातीनं ती त्याच्या हातात दिली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (1915) बलुत्याची व्यवस्था वाचताना सुतार भेटतो तो देण्याघेण्याच्या हिशोबातला एक हक्कदार म्हणून. त्या हिशोबातून बाहेर पडून नातू शिक्षक झाला, कारकून झाला आणि त्यानं करवत भंगारात दिली, तर त्याला वारशाची किंमत कळली नाही असं म्हणण्याचा अधिकार भिंत सजवणाऱ्याला नाही. वारसा हा शब्द ज्याला वारसा सोडता येत होता त्याच्या तोंडी सोपा असतो. वऱ्हाडी कथनानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (1960) शिंप्याच्या घरातली कौतिक आहे, तिथे धंदा ही परंपरेची शोभा नसून रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. हत्याराकडे बघताना ही नजर गमावता कामा नये.

आपल्या संग्रहालयांची नजर मात्र घडलेल्या वस्तूवर स्थिरावली. दिनकर केळकरांनी आयुष्य घालून जमवलेला आणि 1975 साली राज्याला दिलेला पुण्याचा संग्रह हा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा मोठा सन्मान आहे. पण तिथून बाहेर पडताना मनात राहतात ते दिवे, अडकित्ते आणि कोरीव दारं. दार ज्यानं कापलं ते हत्यार मागे राहतं. जपानात कोबे इथे 1984 साली केवळ सुतारकामाच्या हत्यारांचं ताकेनाका संग्रहालय उघडलं. तिथली करवतही ओढूनच कापते. तिथे हत्यार हाच विषय मानला गेला, एवढाच फरक. आपल्याकडे 2023च्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारासह 18 व्यवसायांना नव्या अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. ती हवीच आहे. कामाला लागणारं हत्यार नवं असणं गैर नाही. प्रश्न उरतो तो नवं आल्यावर जुन्याचं काय, हा.

त्याचं उत्तर महाग नाही. करवत घेणाऱ्यानं पैशाबरोबर अर्धा तास द्यावा. ती कुणाच्या हातात होती, कोणत्या गावी, कोणत्या लाकडाला लावली, धार कोण लावत असे, मूठ कधी बदलली, हे देणाऱ्याला विचारून लिहून ठेवावं. त्याला नाव द्यायचं नसेल तर तेही मान्य करावं. पात्याची रुंदी मुठीजवळ आणि टोकाशी मोजावी. गंज थांबवावा, पण घासून चकचकीत करू नये. मुठीवरचा काळपट गुळगुळीतपणा हा मळ नाही. खंडेनवमीला लागलेलं हळदकुंकू फटीत उरलं असेल तर ते राहू द्यावं.

अशी नोंद असलेली एक अरुंद, बिननावाची करवत पितळी बिल्ल्यांच्या डझनभर करवतींपेक्षा मोलाची आहे. नोंद नसेल तर ती भिंतीवर असो की भंगारात, तिच्यातला ‘कर’ गेलेला असतो आणि नुसतं ‘पत्र’ उरतं.