पानावर उजेड कुणाचा?

दोन वर्षांपूर्वी मी आबांना माझं जुनं ई-रीडर दिलं. सहा इंची पडदा, आत दिवा नाही, चार्जिंग महिन्यातून एकदा केलं तरी चालतं. आबा म्हणजे माझे आजोबा, वय ७८, मुक्काम वडगाव निंबाळकर. मी पुण्यात कोड लिहितो. दिवसाचे दहा तास उजळ पडद्यासमोर जातात, त्यामुळे दिवा नसलेल्या पडद्याबद्दल मला जरा जास्तच माया आहे. त्यात तुकारामांची गाथा टाकली, अक्षर मोठं केलं आणि सांगितलं, "आबा, डोळ्यांना त्रास नाही ह्याचा. अगदी कागदासारखं आहे."

तीन आठवड्यांनी गावी गेलो, तर गाथा जवळपास होती त्याच पानावर. आबांचं वाचन सुटलं, असा निकाल मी मनातल्या मनात देऊन टाकला. वय झालं, लक्ष लागत नसेल. आईजवळ तसं बोललोही. आबा ओट्यावर बसून ऐकत होते.

"आरं, दिवसभर रानात आसतू मी. वाचायचं म्हंजी रातीलाच. आन् रातीला ह्येच्यात दिसतंय कुठं?"

घरात रात्री नऊनंतर झिरोचा दिवा असतो. मी कधी त्या उजेडात ते यंत्र उघडूनच बघितलं नव्हतं. त्या रात्री बघितलं. करड्या पाटीवर थोडी जास्त करडी अक्षरं. माझ्या डोळ्यांना कशीबशी लागली, आबांना लागणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून 'कागदासारखं' या शब्दावर माझा राग आहे. ई-इंकबद्दलचं कुठलंही परीक्षण उघडा, हा शब्द पहिल्या दोन परिच्छेदांत येतोच. तो खोटा नाही, अर्धा आहे. ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या बारीक कुप्या असतात. त्यांत विद्युतभार असलेले काळे आणि पांढरे कण तरंगतात. व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात आणि व्होल्टेज काढलं तरी तिथेच राहतात. म्हणून पान उलटतानाच काय ती बॅटरी लागते. पण हा थर अपारदर्शक आहे. त्याच्या मागे दिवा लावून उपयोग नाही. दिसायचं तर बाहेरून उजेड पडला पाहिजे आणि परत यायला पाहिजे. इथे कागद जिंकतो. चांगला पांढरा कागद पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत देतो, ई-इंक साधारण ४० टक्के. म्हणजे मंद खोलीत हे यंत्र कागदासारखं नसतं, कागदाच्या निम्मं असतं.

आकडे मांडून बघू, ती आमच्या धंद्याची खोड आहे. उघड्या रानात दुपारी ८०,००० लक्सच्या आसपास उजेड असतो. त्यात ई-इंकचं पान साधारण १०,००० निट इतकं उजळ होतं. तुमच्या हातातला फोन जीव काढून हजारभर निट देत असेल. म्हणूनच वडील कारखान्याचा ऊसतोडीचा मेसेज वाचताना डोक्यावरचा टॉवेल फोनवर ओढून त्यात तोंड खुपसतात, आणि आबा मात्र बांधावर बसून उन्हात ई-रीडर आरामात वाचू शकतात. आता रात्रीचं. बल्बखाली पानावर ५० लक्स पडले, तर तेच पान ६ निटवर येतं. झिरोच्या दिव्यात एकाच्याही खाली. पडदा तोच आणि अक्षर तेच असताना फरक हजारो पटींचा.

त्यात वयाचा हिशोब वेगळा. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, बाहुली लहान होत जाते. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आबा तर ७८. 'प्रकाश डोळ्यांना वाईट' हे मी त्यांना सांगत होतो, आणि त्यांना हवा होता तो नेमका प्रकाश.

बरं, हे 'वाईट' तरी कुठून आलं? ई-इंकचे चाहते एका अभ्यासाचा दाखला नेहमी देतात. हार्वर्डशी संलग्न संशोधकांचा, २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला. झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागली. पण सहभागी होते फक्त १२ तरुण, टॅब्लेट पूर्ण ब्राइटनेसवर, खोली मंद उजेडाची, आणि तुलना छापील पुस्तकाशी होती. दिवा नसलेलं ई-रीडर त्यात नव्हतंच. ब्राइटनेस कमी करून वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.

मला वाटतं, दिवा नसणं हा गुण म्हणून मिरवला गेला, पण तो मुळात नाइलाज होता. पहिलं किंडल २००७ साली दिव्याशिवाय आलं. २०१२ मध्ये नूक आणि किंडल पेपरव्हाइटने कडेला एलईडी बसवून उजेड पानाच्या पुढून पसरवला, आणि लोकांनी तो लगेच उचलला. स्वस्त मॉडेलला मात्र दिवा मिळायला २०१९ उजाडलं. म्हणजे मधली सात वर्षं ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ते 'शुद्ध, कागदासारखं' वाचन राखून ठेवलेलं होतं. हे कुणी कट करून केलं नाही, पण झालं तसंच.

याहून शहाणा विचार आपल्याकडे येऊन गेलाय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्याचा पडदा मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला. दिवा लावला की रंगीत; दिवा बंद करून उन्हात नेला की कृष्णधवल, स्वच्छ वाचता येणारा, आणि विजेचा खर्च अगदी थोडा. उजेड बाहेर असेल तर बाहेरचा घ्या, नसेल तर आतला लावा. त्या प्रकल्पावर टीका करायला बरीच जागा आहे, पण पडदा बनवणाऱ्या बाईंना वीज नसलेलं घर आणि ऊन असलेलं अंगण ही दोन्ही एकदम दिसली होती. तोच धागा घेऊन पुढे पिक्सेल क्यूआयचा पडदा आला, बंगळुरूच्या नोशन इंकने २०११ मध्ये तो आपल्या 'अ‍ॅडम' टॅब्लेटमध्ये घातला. चालला नाही. दुकानात ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी ठेवले की चकचकीत पडदाच जिंकतो. दुकानात ऊन नसतं.

आणि एक तक्रार उजेडाबाहेरची, पण टाळता येत नाही. आबांसाठी अक्षर मोठं केलं की अभंगाचा चरण सहा इंचांत मावत नाही. तो मधेच तुटून खालच्या ओळीत जातो. आबा गाथा चालीवर वाचतात, ओळ तुटली की चाल तुटते. यमक कुठे आहे ते नजरेला सापडत नाही. जुनी स्कॅन केलेली पुस्तकं तर विचारूच नका. ती चित्रंच असल्यामुळे अक्षर वाढवायचं म्हणजे पान सरकवत बसायचं, आणि ई-इंकवर सरकवणं म्हणजे दर खेपेला पडदा काळा-पांढरा लुकलुकणार. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात आली, पण इतक्या वर्षांत ओव्या-अभंगांची मांडणी कुणाच्या यादीत आलेली दिसत नाही. आमच्या धंद्यात याला 'एज केस' म्हणतात. ज्याची गाथा आहे त्याच्यासाठी ती अख्खी केस असते.

इतकं बोलून झाल्यावर सांगतो, मी ते यंत्र परत घेतलं नाही. चिमट्याचा छोटा दिवा आणला होता. पावसाळ्यात उसातली सगळी पाखरं त्याच्यावर आली आणि आबांनी दुसऱ्या दिवशी तो काढून ठेवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर एका डोळ्याचं झालं. आता दुपारी जेवण झाल्यावर ओट्यावर ई-रीडर चालतं, तासभर. पाण्याची पाळी रात्रीची असली, की मोटर चालू करून शेडमध्ये बसतात तेव्हा फोन. काळ्यावर पिवळी अक्षरं, ही सेटिंग त्यांनी शेजारच्या पोराकडून करून घेतली. फोन आडवा धरला की चरण एका ओळीत मावतो, हे मला त्यांनी दाखवलं.

"तुला ठावं नव्हतं व्हय?" त्यांनी विचारलं.

नव्हतं.