परकायाप्रवेशाचा अधिकार : चित्रपटातील वर्ण, जात आणि भूमिका

चित्रपटसृष्टीतील भेदभावाची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. वंचित समाजाचे जीवन पडद्यावर येते की नाही, हा पहिला प्रश्न. आणि आलेच तर ते यथार्थ असते की नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु ते आशयाच्या कक्षेतच राहतात. अभिनय ही मूलतः परकायाप्रवेशाची कला आहे. तेव्हा दुसऱ्याच्या कायेत शिरण्याची मुभा कोणाला आहे आणि स्वतःच्या कायेबाहेर पाऊल टाकण्याची मुभा कोणाला नाही, हा तिसरा प्रश्न या दोहोंहून अधिक मूलगामी ठरतो. तो क्वचितच विचारला जातो, याचे एक कारण आपल्या कलाविचारातील काही गृहीतांमध्ये आहे.

भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची संकल्पना मराठी समीक्षेला सुपरिचित आहे. रंगमंचावरील राम हा विशिष्ट देशकालातील राम राहत नाही, नटही अमुक एक व्यक्ती राहत नाही; विशिष्टत्व गळून पडते आणि म्हणूनच रसास्वाद शक्य होतो, असे या उपपत्तीचे सार सांगता येईल. येथे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नटाचे शरीर प्रेक्षकाच्या दृष्टीला अडथळा करीत नाही, ते पारदर्शक होऊ शकते, ही ती गोष्ट होय. जातिबद्ध समाजात सर्वच शरीरे सारखी पारदर्शक असतात काय? काही शरीरे ‘साधारण’ मानली जातात आणि त्यांच्यावर कोणतीही भूमिका चढविता येते. काही शरीरे मात्र कायमच ‘विशेष’ राहतात. त्यांच्याकडे पाहताना प्रेक्षकाला आधी रंग दिसतो, जात दिसते, वस्ती दिसते. चित्रपटातील भेदभावाचे मर्म या विषम पारदर्शकतेत शोधले पाहिजे.

याचा एक बोलका नमुना बदलापूरचे नाव घेऊन आलेल्या हिंदी चित्रपटात आढळतो. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, अंबरनाथच्या पुढे, उल्हास नदीकाठी वसलेल्या या गावाचे नाव श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’ (२०१५) या चित्रपटाने घेतले ते मुख्यतः त्यातील श्लेषासाठी. प्रवासात घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी लोकसमजूत स्थानिक पातळीवर सांगितली जाते. तीत ‘बदल’ आहे. चित्रपटाला हवा होता तो ‘बदला’. मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीवर आधारलेल्या या कथेत पुण्यातील जाहिरात व्यवसायातला रघू (वरुण धवन) दरोडेखोरांच्या हातून पत्नी आणि मुलगा गमावतो व बदलापुरात येऊन सूडाची वाट पाहत राहतो. दरोडेखोरांपैकी पकडला जातो तो लायक (नवाजुद्दीन सिद्दिकी).

नैतिक पातळीवर हा चित्रपट सामान्य सूडकथेहून वेगळा आहे. पीडित रघू क्रमाक्रमाने क्रूर होत जातो, तर मृत्यूच्या दारात उभा असलेला लायक अखेरीस रघूने केलेल्या खुनांचा दोष स्वतःच्या माथी घेतो. नायक आणि खलनायक यांची नैतिक स्थाने येथे उलटतात आणि लायक हे नाव आपल्या अर्थाला जागते. मात्र ही उलथापालथ ज्या शरीरांच्या द्वारे घडते त्यांची वाटणी जुन्याच रीतीची आहे. ज्याचे दुःख प्रेक्षकाने आरंभापासून आपले मानावयाचे तो गोरा, देखणा आणि चित्रपट व्यवसायातील घराण्यातून आलेला नट. ज्याच्याविषयी प्रथम संशय वाटावयाचा तो सावळा, किरकोळ अंगकाठीचा, उत्तर प्रदेशातील बुढाना या गावातून राष्ट्रीय नाट्यविद्यालयामार्गे आलेला नट. रघूच्या पत्नीच्या भूमिकेतील यामी गौतम या त्या काळात गोरेपणाच्या मलमाच्या जाहिरातींतून घरोघरी परिचित होत्या. सहानुभूतीची ही पूर्वतयारी पटकथेत लिहिलेली नसते. ती पात्रनिवडीतच पूर्ण झालेली असते. पुढे २०१७ मध्ये सिद्दिकी यांनी आपल्या रंगरूपावरून झालेल्या शेऱ्याचा जाहीर समाचार घेतला आणि त्यानंतरही हिंदी चित्रपटसृष्टीतील वर्णभेदाविषयी ते बोलत राहिले. लायकला चित्रपटाने जो न्याय दिला, तो त्याची भूमिका करणाऱ्या नटाला त्या व्यवसायातून सहजासहजी मिळाला नव्हता, ही विसंगती लक्षणीय आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘वर्ण’ या एका शब्दात मराठीने रंग आणि चातुर्वर्ण्य असे दोन अर्थ सामावले असले, तरी वर्णद्वेष आणि जातिभेद यांना एकच मानता येणार नाही. जातींच्या मुळाशी वंशभेद आहे ही उपपत्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या आपल्या १९४८ च्या ग्रंथात नाकारली होती. सावळा रंग सर्वच जातींत आढळतो. स्मिता पाटील सावळ्या होत्या आणि महाराष्ट्राच्या राजकारणातील प्रतिष्ठित घराण्यातून आल्या होत्या. तरीही १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले आणि दलित साहित्याच्या समीक्षेने कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी नाते जोडले, ते उगमाच्या साम्यामुळे नव्हे, अनुभवाच्या साम्यामुळे. जब्बार पटेल यांच्या ‘मुक्ता’ (१९९४) या चित्रपटाने अमेरिकेतून परतलेली मराठा घराण्यातील तरुणी, दलित चळवळीतील तरुण आणि कृष्णवर्णीय अमेरिकन पाहुणा यांना एका कथेत आणले, त्यामागेही हीच जाणीव होती. चित्रपटापुरते बोलावयाचे तर रंग ही जातीची खूण नसूनही पडदा तिचा खुणेसारखा वापर करतो, आणि तेथे दोन्ही भेद एकमेकांच्या कामी येतात.

भारतीय कथापटाचा आरंभच परकायाप्रवेशाने झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा दादासाहेब फाळके यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसविली. पुरुषाने स्त्री होणे प्रेक्षकांना मान्य होते. अस्पृश्य स्त्रीची भूमिका उच्चवर्णीय अभिनेत्रीने करणेही मान्य होते. ‘अछूत कन्या’ (१९३६) मधील कस्तुरी देविकाराणी यांनी साकारली. टागोर घराण्याशी नाते असलेल्या या अभिनेत्रीला त्याबद्दल प्रशंसाच लाभली. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) मधील नूतन यांच्या भूमिकेविषयीही तेच म्हणता येईल. या चित्रपटांची सुधारकी तळमळ खोटी नव्हती. परंतु उलट दिशेचा प्रवास कसा झाला, हे पी. के. रोझी यांच्या उदाहरणावरून दिसते. मल्याळम भाषेतील पहिला कथापट मानल्या जाणाऱ्या जे. सी. डॅनियल यांच्या ‘विगतकुमारन’मध्ये या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली. त्रिवेंद्रममधील प्रदर्शनानंतर सवर्ण प्रेक्षकांचा क्षोभ असा उसळला की, रोझी यांना गाव सोडून परागंदा व्हावे लागले. देविकाराणी कस्तुरी झाल्या तो अभिनय ठरला. रोझी नायर स्त्री झाल्या तो अपराध ठरला. एकाच कलेला लावलेले हे दोन मापदंड होत.

अमेरिकेतही परकायाप्रवेशाची वाट एकाच दिशेची होती. ‘द जाझ सिंगर’ (१९२७) या बोलपटाच्या इतिहासातील प्रसिद्ध चित्रपटात अल जोल्सन हा गोरा नट तोंडाला काळे फासून गातो. कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० मध्ये ऑस्कर मिळाले ते मोलकरणीच्या भूमिकेसाठी, आणि त्या समारंभातही त्यांची आसनव्यवस्था वेगळी होती. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे अभिनयाच्या वीसही नामांकनांत एकही गौरेतर कलावंत नव्हता, तेव्हा तेथे मोठा गदारोळ झाला. हिंदी चित्रपटसृष्टीत मात्र ‘सुपर ३०’ (२०१९) आणि ‘बाला’ (२०१९) यांतील प्रमुख कलावंतांचा रंग रंगभूषेने गडद करण्यात आला, तेव्हा उमटलेली टीका लवकरच विरून गेली. सावळी व्यक्तिरेखा हवी, परंतु सावळा कलावंत नको, या वृत्तीचा याहून स्पष्ट पुरावा देण्याची गरज नाही.

बदलापूर, कर्जत आणि मुरबाड यांच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी यांची वस्ती पूर्वापार आहे. त्यांपैकी ठाकर समाजाला मराठी पडद्यावर आणणारी महत्त्वाची कृती म्हणजे गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारलेला जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ (१९७७). ना. धों. महानोर यांची गीते, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत, मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी यांमुळे हा चित्रपट मराठी रसिकतेच्या स्मृतीचा भाग झाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला. आदिवासी माणसाला दयेचा विषय न करता त्याच्या श्रद्धेचा, वासनेचा आणि सूडाचा आलेख काढणारी ही कृती हीन लेखण्याचे कारण नाही. आगाशे यांनी ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस आणि ‘जैत रे जैत’मधील नाग्या या दोन टोकाच्या भूमिका समर्थपणे केल्या, हा त्यांच्या अभिनयक्षमतेचा गौरवच आहे. प्रश्न त्यांच्या क्षमतेचा नाही. एखाद्या ठाकर नटाला नाना फडणवीस होता आले असते काय, हा प्रश्न आहे. नाग्या ठाकराने करावा, ही मागणी तुलनेने सोपी आहे. नाना ठाकराने करावा, ही कल्पनाच मनात येत नाही. जी कल्पना मनात येत नाही तिला कोणी विरोध करीत नाही, आणि म्हणून तो भेदभाव कोणाला दिसतही नाही.

विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेला गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ (१९८०) या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. ओम पुरी यांचा लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलत नाही. या मौनाचे विवेचन अन्यायाने खुंटलेल्या वाणीचे प्रतीक म्हणून झाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच मौनाकडे चित्रपटमाध्यमाची कबुली म्हणूनही पाहता येते. ज्यांचा आवाज या माध्यमाकडे नव्हता त्यांच्यासाठी शब्द लिहिण्यापेक्षा ते न लिहिणे, हा या कृतीतील प्रामाणिकपणा होय.

नागराज मंजुळे यांच्या आगमनानंतर चित्र पालटले असे सामान्यतः मानले जाते. ‘फँड्री’ (२०१३) मध्ये कैकाडी मुलगा जब्या याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे यांना बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अखेरच्या दृश्यात जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो दगड म्हणजे आजवरच्या पाहण्यालाच दिलेले प्रत्युत्तर आहे. पण या यशात एक धोकाही दडलेला होता. ‘अस्सल’ चेहऱ्यांची मागणी वाढली, आणि अस्सलपणा हाच नवा बंदिवास होण्याची शक्यता निर्माण झाली. गावकुसाबाहेरील मुलाने गावकुसाबाहेरील मुलाचीच भूमिका करावी, तीच त्याची कला, असे ठरले तर पूर्वीचा बहिष्कार केवळ अधिक सन्माननीय होतो. पूर्वी त्याला पडद्यावर जागा नव्हती. आता एकच जागा आहे.

‘सैराट’ (२०१६) या दृष्टीने ‘फँड्री’च्या एक पाऊल पुढे जातो. रूढ सौंदर्यकल्पनेत न बसणाऱ्या रिंकू राजगुरू येथे सत्ताधारी पाटलाची मुलगी झाल्या. बुलेट आणि ट्रॅक्टर चालविणारी, हुकूम सोडणारी ही सावळी आर्ची प्रेक्षकांनी विनातक्रार पाटलीण म्हणून स्वीकारली. शरीर आणि सामाजिक स्थान यांची ठरीव जोडी येथे फुटली. चित्रपटाचे व्यावसायिक यश सर्वश्रुत आहे. परंतु त्याचे हे सैद्धांतिक यश तितकेसे नोंदले गेले नाही. दोनच वर्षांनी आलेल्या ‘धडक’ (२०१८) या हिंदी रूपांतराने कथा उदयपूरला नेली, जात अंधुक केली आणि दोन्ही प्रमुख भूमिका चित्रपट घराण्यांतील कलावंतांना दिल्या. कथा परत घेतली गेली, आणि तिच्याबरोबर परकायाप्रवेशाचा अधिकारही.

या विवेचनातून एक निकष हाती येतो. एखाद्या चित्रपटसृष्टीतील वैविध्य मोजावयाचे असेल तर तीत दलित, आदिवासी वा सावळ्या व्यक्तिरेखा किती, हे मोजणे पुरेसे नाही. या समाजांतून आलेल्या कलावंतांनी आपली जात वा रंग हा ज्यांचा विषयच नाही अशा भूमिका किती केल्या, हे पाहिले पाहिजे. वकील, प्रियकर, पेशवा, विदूषक, कोणीही होण्याची मुभा त्यांना मिळाली काय? साधारणीकरण हा रसाचा सिद्धांत असला तरी त्याच्या पोटात नागरिकत्वाचा प्रश्न आहे. ज्याला साधारण होता येत नाही तो प्रेक्षागृहात बसू शकतो, पडद्यावर दिसूही शकतो. पण सर्वांच्या वतीने रडण्याचा आणि हसण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

बदलापूरच्या इतिहासात या अधिकाराची एक खूण आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या मार्चमधील सत्याग्रहानंतर, १९२७ मध्येच, बदलापुरातील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी भूषविले. महाडला ते अस्पृश्यांचे नेते म्हणून उभे होते. पाण्यावरील हक्क हा तेथील विषय होता. बदलापुरात ते शिवाजी महाराजांविषयी बोलावयास उभे राहिले, म्हणजे जो वारसा सर्वांचा म्हणविला जातो त्याच्या वतीने. स्वतःच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार पीडिताला उशिरा का होईना दिला जातो. समाईक वैभवाविषयी बोलण्याचा अधिकार त्याला सहसा दिला जात नाही. तो त्या दिवशी बदलापुरात घेतला गेला. गावाच्या नावातला ‘बदला’ चित्रपटाने उचलला. त्यातील ‘बदल’ अजून पडद्याच्या वाट्याला यावयाचा आहे.