दंतघर्षण आणि आहाराचे अनुमान : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

नामशेष झालेला प्राणी काय खात होता, हे सांगणारा प्रत्यक्ष साक्षीदार उरत नाही. उरतात ते बहुधा दात. मानव, कपी आणि माकडे यांचा समावेश असलेल्या नरवानर गणाच्या जीवाश्मांत सुटे दात व जबड्यांचे तुकडे यांचेच प्रमाण मोठे असते. कारण दाताचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. साहजिकच दातांच्या झिजेवरून आहाराचे अनुमान करणारी एक स्वतंत्र अभ्यासशाखा विकसित झाली. या अनुमानाची ताकद कोठे आहे आणि मर्यादा कोठे सुरू होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आकारावरून अनुमान : रामापिथेकसचा धडा

जी. एडवर्ड लुईस यांना १९३२ मध्ये हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर परिसरात वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. १९३४ मध्ये त्यांनी त्याला 'रामापिथेकस' हे नाव दिले. एल्विन सायमन्स यांनी १९६१ पासून या प्राण्यास मानववंशाच्या आरंभी स्थान दिले. जाड एनॅमल आणि लहान सुळे हा या मांडणीचा महत्त्वाचा आधार होता. १९७० मध्ये क्लिफर्ड जॉली यांनी गेलाडा बबूनच्या उदाहरणावरून बीजभक्षणाचा सिद्धान्त मांडला. तेव्हा असे दात म्हणजे कठीण बिया, बिया म्हणजे उघडा गवताळ प्रदेश आणि तो प्रदेश म्हणजे मानवाची वाटचाल, अशी अनुमानांची साखळीच तयार झाली.

ही साखळी टिकली नाही. पोटवार पठारावर सापडलेल्या शिवापिथेकसच्या चेहऱ्याचे वर्णन डेव्हिड पिल्बीम यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे साम्य ओरांगउटानशी होते. रामापिथेकसचा समावेश आता शिवापिथेकसमध्येच केला जातो. पुढे १९८४ मध्ये टीफोर्ड व वॉकर यांनी शिवापिथेकसच्या दाढांवरील सूक्ष्म ओरखडे व खड्डे मोजले. ते फलाहारी चिंपांझीच्या दाढांशी जुळणारे निघाले. तात्पर्य, दाताचा आकार प्राणी काय खाऊ शकतो हे सांगतो. त्याने काय खाल्ले हे सांगत नाही. क्षमता आणि वर्तन यांची गल्लत हा येथील मूलभूत दोष होय.

सूक्ष्मघर्षण आणि काळाची मोजपट्टी

सूक्ष्मघर्षण वर्तनाच्या अधिक जवळ जाते, यात शंका नाही. वॉकर, हॉक व पेरेझ यांनी १९७८ मध्ये सेरेंगेटीतील हायरॅक्सच्या दोन जातींची तुलना करून गवत खाणाऱ्याचे व झाडपाला खाणाऱ्याचे दात सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येतात, हे दाखविले. तथापि त्याच अभ्यासातून ऋतूनुसार ही चिन्हे बदलतात, हेही स्पष्ट झाले. म्हणजे दाढेच्या पृष्ठभागावर उरतो तो मृत्यूपूर्वीच्या अल्पकाळाचा लेखाजोखा.

कर्बाच्या समस्थानिकांची साक्ष वेगळ्या काळाची असते. ती एनॅमल घडत असतानाच्या, म्हणजे बालवयातील आहाराची असते. आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. नाचणी, वरी व ज्वारी ही सी-४ गटातील पिके आहेत, तर भात सी-३ गटातील. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर नाचणीवर वाढलेले मूल आणि खोऱ्यात भातावर वाढलेले मूल यांचा भेद या पद्धतीने तत्त्वतः कळेल. परंतु नाचणीचा अंश आणि सी-४ गवतावर पोसलेल्या जनावराच्या दुधाचा अंश यांतील भेद केवळ कर्बावरून कळणार नाही.

या दोन साक्षी परस्परांशी विसंगत ठरू शकतात. मेरी लीकी यांना १९५९ मध्ये ओल्डुवाई येथे मिळालेल्या कवटीमुळे प्रसिद्ध झालेला पॅरॅन्थ्रोपस बॉयसी प्रचंड दाढांमुळे 'नटक्रॅकर मॅन' म्हणून ओळखला गेला. उंगर, ग्राइन व टीफोर्ड यांना २००८ मध्ये त्याच्या दाढांवर कठीण पदार्थ फोडल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. २०११ मध्ये सर्लिंग व सहकाऱ्यांनी त्याच्या आहारात सी-४ स्रोतांचा वाटा सरासरी ७७ टक्के असल्याचे दाखविले. हे स्रोत म्हणजे तृणे की लव्हाळे, हा प्रश्न मात्र त्या आकड्याने सुटत नाही.

अन्न की धूळ ?

ओरखडा अन्नाने पडला की अन्नावरील धुळीने, हा आणखी गंभीर आक्षेप आहे. ल्यूकस व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे प्रतिपादन केले की, वनस्पतींतील सिलिकाकण एनॅमलवर केवळ दाबखुणा उमटवितात. एनॅमल खरवडून काढतात ते क्वार्ट्झचे धूलिकण. हे मान्य केल्यास भूस्तर हा आहाराइतकाच निर्णायक घटक ठरतो. शिवालिकचे वालुकाश्म क्वार्ट्झयुक्त आहेत. सह्याद्रीचा बेसाल्ट मुख्यतः प्लॅजिओक्लेज व पायरॉक्सीन या खनिजांचा बनलेला आहे. त्यात क्वार्ट्झ आढळते ते प्रामुख्याने पोकळ्यांत भरलेल्या दुय्यम रूपात. म्हणून एका भूप्रदेशातील वानरांच्या दातांवरून तयार केलेली मोजपट्टी दुसऱ्या भूप्रदेशातील जीवाश्मास जशीच्या तशी लावणे सदोष ठरते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाने बनलेल्या भोर-वेल्ह्याच्या खडकात कपींचे जीवाश्म मिळणार नाहीत. परंतु येथे वानर व माकडे आहेत. पावसाळ्यात धुतलेली आणि उन्हाळ्यात धुळीने माखलेली पाने आहेत. घाटरस्त्यावरील प्रवाशांच्या खाद्याला सरावलेले कळपही आहेत. वनखात्याच्या परवानगीने, नैसर्गिकरीत्या मृत झालेल्या प्राण्यांच्या दातांचे ठसे ऋतूनुसार व स्थळानुसार जमविल्यास धूळ आणि अन्न यांचा वाटा वेगळा करता येईल. प्राणिशास्त्र, भूशास्त्र व भूगोल या विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे हे काम आहे.

निष्कर्ष :

पुणे जिल्ह्यातीलच इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन मानवी दातांचा अभ्यास ल्यूकाक्स व वाळिंबे यांनी केला. तेथे दातांच्या जोडीला जळालेले धान्य आणि जनावरांची हाडे असल्याने एका साक्षीची दुसरीशी पडताळणी करता येते. शिवापिथेकसच्या बाबतीत असे उष्टे-खरकटे मागे उरलेले नाही. म्हणूनच तेथे आकार, सूक्ष्मघर्षण व समस्थानिके या तिन्ही साक्षी स्वतंत्रपणे नोंदवून, त्या जेथे जुळतात तेवढेच निश्चित मानावे आणि जेथे जुळत नाहीत तेथे विसंगती झाकू नये. रामापिथेकसला पूर्वजाचे स्थान देताना एकाच साक्षीवर वंशावळ उभी राहिली होती; पुराव्यापेक्षा कथानक पुढे धावले की काय होते, याचे ते उदाहरण कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधकाने ध्यानात ठेवावे असे आहे.