सॉफ्टवेअरची ऑनलाइन विक्री : यशोगाथेपलीकडील व्यवहार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सॉफ्टवेअर उद्योगाविषयी मराठीत होणाऱ्या लेखनाचे दोन ठळक प्रकार दिसतात. एक, निर्यात व रोजगाराचा गौरव करणारे. दुसरे, उद्योजकाच्या खडतर जीवनाची यशोगाथा सांगणारे. सॉफ्टवेअर प्रत्यक्षात विकले कसे जाते, ग्राहक पुन्हा का येतो आणि विक्रेत्याच्या हाती शेवटी काय उरते, हे प्रश्न दोन्हींत बहुधा अनुत्तरित राहतात. हेच लेखन वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गात उदाहरण म्हणून येते, तेव्हा ही उणीव अध्यापनाचीही ठरते. प्रस्तुत लेखात पुण्याच्या क्विक हील या कंपनीच्या आधारे या मांडणीची चिकित्सा करून सोलापूरच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

यशोगाथेची मर्यादा

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडले, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम केले आणि पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. संगणकाचे शिक्षण घेणारे त्यांचे बंधू संजय यांनी व्हायरस काढून टाकणारी आज्ञावली तयार केली. १९९० च्या दशकाच्या मध्यास तिचे विक्रीयोग्य उत्पादन झाले. २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूकदार संस्थेने कंपनीत भांडवल गुंतविले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात सूचिबद्ध झाले.

ही कथा प्रेरक आहे यात शंका नाही. परंतु तिच्यात यशाचे श्रेय जवळजवळ सर्वस्वी जिद्दीला दिले जाते. जिद्द हा गुण आहे, व्यवसायाची रीत नव्हे. दुरुस्तीच्या दुकानात ग्राहकाची अडचण रोज समोर येत होती, तिच्यातूनच उत्पादन जन्मले आणि संगणक दुरुस्त करणारा तंत्रज्ञच पुढे त्याचा स्वाभाविक विक्रेता ठरला, हा या कथेतील व्यवहारदृष्ट्या मोलाचा भाग. तोच एका वाक्यात उरकला जातो. समभागांची विक्री प्रत्येकी ३२१ रुपये दराने झाली आणि सूचीच्या पहिल्याच दिवशी भाव त्याखाली बंद झाला, ही बाबही यशोगाथेत क्वचितच येते.

मध्यस्थ खरोखर नाहीसा झाला का?

इंटरनेटमुळे मध्यस्थ संपला, हे विधान पाठ्यपुस्तकी लेखनात सरसकट आढळते. क्विक हीलचे उदाहरण त्याला छेद देते. तिचे उत्पादन दीर्घकाळ शहरोशहरीच्या विक्रेत्यांमार्फत खोक्यातून विकले गेले. ऑनलाइन होत असे ते सक्रियीकरण आणि अद्ययावतीकरण. ग्राहक पैसे देत असे ते ओळखीच्या तंत्रज्ञाच्या भरवशावर.

निव्वळ ऑनलाइन विक्रीतही मध्यस्थ राहतोच, फक्त त्याचे रूप बदलते. ॲप स्टोअर, शोधयंत्रावरील जाहिरात आणि देयक-प्रवेशद्वार हे नवे अडते होत. ॲप स्टोअरचे कमिशन १५ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. प्ले स्टोअरच्या देयक धोरणाबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता; अपिलात मार्च २०२५ मध्ये तो कमी करण्यात आला. जुन्या अडत्याशी निदान समोरासमोर बोलता येत असे. नव्या अडत्याचे नियम लहान विक्रेत्याला न विचारता बदलतात.

नूतनीकरण : व्यवसायाचा कणा

सोलापुरी चादर एकदा विकली की ती वर्षानुवर्षे टिकते. ग्राहकाची पुन्हा भेट झाली नाही तरी व्यवहार पूर्ण होतो. अँटीव्हायरस किंवा हिशेबाची आज्ञावली यांचे तसे नाही. अद्ययावतीकरण थांबताच त्यांची उपयुक्तता घटू लागते. म्हणून पहिली विक्री हा व्यवहाराचा आरंभ आणि नूतनीकरण ही त्याची खरी कसोटी होय.

एक कल्पित गणित घेऊ. एखादा विक्रेता दरवर्षी ५०० नवे ग्राहक मिळवितो. त्याचे निम्मेच ग्राहक दरवर्षी नूतनीकरण करीत असतील, तर ग्राहकसंख्या १,००० च्या आसपास येऊन थांबते, कारण तेथे जाणारे आणि येणारे सारखे होतात. नूतनीकरणाचे प्रमाण ८० टक्के असल्यास तीच मर्यादा २,५०० पर्यंत जाते. जाहिरातीवर एक रुपयाही अधिक न खर्चिता व्यवसाय अडीचपट होतो. असे असूनही वाढीचे विवेचन बहुधा नव्या ग्राहकांच्या संख्येपाशीच थांबते.

नूतनीकरणाला बाहेरूनही धक्का बसू शकतो. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर अँटीव्हायरस संगणकातच विनामूल्य मिळू लागला. ग्राहकाने त्यानंतरही पैसे का द्यावेत, या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याला दरवर्षी नव्याने द्यावे लागते.

नियम आणि नीती

नूतनीकरण आपोआप करून घेण्याचा मोह येथेच उद्भवतो. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना देणे बंधनकारक केले. व्यावसायिकांनी त्यास अडथळा मानले. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवण्याच्या क्लृप्तीचा फसव्या रचनांत समावेश केला. विसराळूपणातून मिळालेले नूतनीकरण आणि समाधानातून मिळालेले नूतनीकरण हिशेबाच्या वहीत सारखेच दिसते. व्यवसायाच्या आयुष्यात मात्र ते सारखे नसते.

सोलापूरच्या संदर्भात

सोलापुरात यंत्रमाग, टॉवेल व चादर उद्योग, तसेच घाऊक व्यापाराच्या पेढ्या आहेत. येथे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा व्यवहारात बोलल्या जातात. कारखानदाराच्या मुनिमाला त्याच्या भाषेत, रात्री जीएसटीचे विवरणपत्र भरताना अडलेल्या जागी मिळणारी मदत हे दूरच्या मोठ्या कंपनीला सहज न जमणारे काम आहे. प्रतीची किंमत शून्यवत असली तरी या मदतीचा खर्च शून्य नसतो. किंमत ठरविताना तो धरला नाही, तर ग्राहक वाढतात तसा तोटाही वाढतो. येथील विद्यार्थ्याची संधी आणि जोखीम दोन्ही याच ठिकाणी आहेत.

समारोप

उद्योजकाच्या कष्टांची कथा वर्गात जरूर सांगावी. परंतु तिच्याबरोबर विक्रेत्याचा वाटा, नूतनीकरणाचे प्रमाण आणि सेवेचा खर्च यांचे कोष्टकही फळ्यावर मांडले जावे. अन्यथा विद्यार्थी जिद्द घेऊन बाजारात उतरेल, आणि पहिल्या वर्षीचे ग्राहक दुसऱ्या वर्षी का परतले नाहीत, याचे उत्तर त्याला आपल्या जिद्दीत शोधावे लागेल.